शंभरात दोन

लोणावळे. कार्तिक वद्य ७, शके १८४४

शेजारच्या बयाबाईंच्या चुलीमागे आज उंदीर मेलेला सापडला. त्यांनी तो चिमट्याने उचलून परसात पुरला आणि मला येऊन सांगितले, “वैनी, कुनाला बोलू नगा. न्हाईतर मुन्शिपाल्टीची मान्सं येऊन घर उसवत्याल.” मी कुणाला बोलले नाही. संध्याकाळी हे मालधक्क्यावरून आले ते स्वतःच म्हणाले की धान्याच्या वखारीत टोपलीभर मेलेले उंदीर निघाले. म्हणजे गाठीचा ताप, प्लेग, आला म्हणायचा.

हिशेबाला नवी वही घातली तेव्हा जुनीची निम्मी पाने कोरी राहिली होती. टाकवेना. मनातले कागदावर उतरवले की चारचौघींत बोलून दाखवावे लागत नाही, म्हणून तीत लिहिते आहे.

रतन गोवरातून उठून महिनासुद्धा झाला नाही. फ्रॉक काढला की बरगड्या दिसतात. हिच्या आधीची दोघे राहिली नाहीत. सहा वर्षांची एवढी एकच आहे. खंडेराया, तूच दिलीस, तूच राख.

कार्तिक वद्य १०

धर्मशाळेत टोचणीचे डॉक्टर आले आहेत. पुण्याचे आहेत, तरुण आहेत, बोलायला सरळ. मी रतनला घेऊन गेले. आळीतल्या बायकांत लिहितावाचता येणारी मी एकटी, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे ढकलले.

मी विचारले, “टोचले की गाठ येत नाही ना?”

“असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “ह्या बाजारपेठेत न टोचलेली शंभर माणसं राहिली, तर आठांना येते असा आमचा आजवरचा अंदाज आहे. टोचलेली शंभर राहिली, तर दोघांना.”

“म्हणजे टोचूनही दोघांना येतेच.”

“येते. पण आठांच्या जागी दोघांना.”

“आणि टोचल्यावर अंगात ताप भरतो म्हणतात?”

“भरतो. दोन दिवस. दंडही सुजतो.”

तापाची खात्री आहे आणि वाचायची नाही, असा हा सौदा. पोर आधीच वाळून गेलेली. मी तिला घेऊन परत आले. माझ्यामागून बयाबाईही आपले दोन मुलगे घेऊन निघाल्या. “आदी तुमच्या रतनचं बघू, मग आमच्यांचं,” म्हणाल्या.

ह्यांना सांगितले तर म्हणतात, “अगं, शंभरात सहा वाचले की!”

“कुणाचे सहा? मुलगी काय शंभरांत वाटून घेतलेली आहे? माझी एकच आहे.”

 मालधक्क्यावर शंभर पोत्यांत दोन फुटली तर चालतात, म्हणून त्यांना तसे वाटते.

माझ्या सासूबाई, आत्याबाई, जात्यावरून म्हणाल्या, “त्या चष्मेवाल्याला काय इचारायचं? गावात बहिरोबा काय झोपलाय व्हय?” आत्याबाईंचे म्हणणे मला पटले. जिथे माणूसच अंदाजाने बोलतो तिथे देवाला विचारावे.

कार्तिक वद्य १२

पहाटे डोक्यावरून न्हाऊन बहिरोबाला गेलो. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर रतनला टोचावे, डावी पडली तर टोचू नये. आत्याबाई हात जोडून उभ्या. बराच वेळ काहीच हलले नाही. मग डावी पडली.

माझ्या जिवावरचे ओझे उतरले. आत्याबाई वाटेत मला म्हणाल्या, “बघ, म्याट्रिक न होता बी देवाला कळतंय.” हसू आले. पुष्कळ दिवसांनी दोघी बरोबर हसलो.

ह्यांना मात्र टोचून घ्यावे लागले. त्याशिवाय कामावर घेत नाहीत. कालपासून कण्हत पडले आहेत, दंड दुधी भोपळ्यासारखा झाला आहे. रतनच्या जागी मनाने बघितले आणि देवाचे उपकार मानले.

मार्गशीर्ष शुद्ध २

आळीत पहिला माणूस गेला. तांबट होता. लगेच दवंडी पिटली की पेठेतल्या लोकांनी घरे सोडून माळावर जावे.

कुसगावच्या वाटेला रखमाजी पाटलांचा माळ आहे. तिथे कारवीच्या कुडाची झोपडी मिळाली. बयाबाईंची झोपडी आमच्या शेजारीच. देवाचे टाक ओच्यात घेऊन मी चालत आले, बाकीचे सामान गाडीतून. वर्षाचे तांदूळ कणगीतच राहिले. ते डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

रखमाजी म्हणाले, “वैनी, घोर करू नगा. उंदरानं हितं येऊन खायाचं काय? दगूड?”

मार्गशीर्ष शुद्ध ६, चंपाषष्ठी

माळावर तीन दगडांच्या चुलीवर वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे केले. तळी उचलली. रतन बयाबाईंच्या मुलांबरोबर दिवसभर गवतात लोळत होती. गालांवर रंग आला आहे. पेठेतून रोज एकदोन जाण्याची बातमी येते. इथे अजून कुणाला काही नाही.

मार्गशीर्ष वद्य ३

तेच डॉक्टर आज माळावर आले. एका बाभळीखाली पेटी उघडून बसले. मी जाणार नव्हते. देवाने एकदा सांगितले ते सांगितले. पण पाणी आणायला जाताना त्यांनीच ओळखून हाक मारली.

“बाई, मुलगी कशी आहे?”

“बरी आहे. इथे काही भीती नाही ना?”

“फार थोडी. माळावर उंदीर नाहीत. तरी लोक चोरून घरी जाऊन येतात, धान्य आणतात, त्यामुळं इथंही न टोचलेल्या शंभरांत दोघांना येते.”

“आणि टोचलेल्यांत?”

“माळावर राहिलेल्या टोचलेल्या माणसाला गाठ आल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.”

“एकालाही नाही?”

“एकालाही नाही.”

माझ्या हातातली घागर मी तिथेच ठेवली. झोपडीत गेले, रतनला उचलली आणि येऊन ओळीत उभी राहिले. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “धर्मशाळेत सहा कमी होत होते, ते तुम्ही नको म्हणालात. आता दोनच कमी होतायत, तर पहिल्या आलात.”

मी म्हटले, “तिथे तुम्ही दोन शिल्लक ठेवत होता. इथे काही ठेवत नाही.”

ते हसले. त्यात हसण्यासारखे काय होते मला कळले नाही. शून्य म्हणजे शून्य. त्याच्यासाठी दोन दिवसांचा तापच काय, दहा दिवसांचाही सोसला असता.

आत्याबाई फार संतापल्या. “बहिरोबानं डावी दिली हुती ती इसरलीस?”

“आत्याबाई, देवाला आपण विचारले होते ते आठाचे दोन करावेत का म्हणून. शून्याचे विचारलेच नव्हते.”

“मंग इचार की आता.”

“खात्रीच्या गोष्टीला कौल लावतात का? उद्या सूर्य उगवेल का म्हणून कुणी देवाला विचारत नाही.”

 आत्याबाईंना स्वतःला टोचून घ्या म्हटले तर म्हणाल्या, “माझं हाड आता मसनाचं. त्याला कशाला भोकं?” मी स्वतःही घेतले नाही. घरात कुणी तरी उभे राहायला पाहिजे, सगळीच तापाने पडली तर करायचे कुणी. बयाबाईंची मुले आजोळी गेली आहेत.

मार्गशीर्ष वद्य ६

रतनचा ताप उतरला. दंड अजून दुखतो. भाकरी मागून खाल्ली. मी तिच्या अंगावरून हात फिरवते तेव्हा मला निराळेच वाटते. एखाद्या भांड्याला कल्हई करून आणावी तसे. आता आतून काही लागायचे नाही.

पौष शुद्ध ४

थंडी अशी की सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नाही. वारा कुडातून सरळ आत येतो. आत्याबाईंचा खोकला रात्रभर. एका पोत्याच्या आडोशाने काय होणार. झोपडीचे भाडे, सरपण, पाणी आणणाऱ्या हिरीची मजुरी आणि तिकडे घर रिकामे. चोरांनी दोन घरे फोडली म्हणतात.

हिरी कुरवंड्याच्या वरच्या वाडीची. ती हंडा उतरवताना म्हणते, “बाई, तुमी सायब लोकावानी माळावर हवा खायाला ऱ्हाता. आमी जलमभर ऱ्हातो, आमाला कुनी हवा म्हनत न्हाई.”

पौष शुद्ध ९

ह्यांच्याशी घरी परतण्याबद्दल बोलले.

“अजून पेठेत माणसं जातायत,” हे म्हणाले. “महिनाभर कळ काढू.”

“जातात ती न टोचलेली. रतनला आता काय भीती? तुम्ही टोचलेले आहात. राहिलो आम्ही दोघी. आत्याबाई इथे राहिल्या तर खोकल्याने जाणार हे उघड दिसते आहे. तिथे नुसता संभव.”

“डॉक्टरांना विचारून घ्यावं.”

“विचारायचे काय त्यात? त्यांनीच सांगितले, टोचलेल्यांत एकालाही नाही.”

ह्यांनी थोडा वेळ विड्याचे पान हातात घोळवले. म्हणाले, “तू हिशेब केलायस तर बरोबरच असेल.” ते असे म्हणाले की मला बरे वाटते.

पौष शुद्ध १२

घरी आलो. परतलेले आमचे तिसरे बिऱ्हाड असावे. पेठ निम्मी बंद. बयाबाई माळावरच राहिल्या. निघताना म्हणाल्या, “तुमाला काय बाई, तुमच्या पोरीला कवच मिळालंय.”

दारे उघडून सगळे घर शेणाने सारवले, गुगुळाचा धूप केला. कणगीच्या बुडाला उंदरांनी भोक पाडले होते. पायली-दीड पायली तांदूळ सांडलेले. कणगीमागे एक उंदीर होता, पण जुना, वाळून चामडे झालेला. केरसुणीने लोटून दिला. तांदूळ वाया घालवणे जिवावर आले. रतन आणि मी मिळून सुपात भरले, निवडले, उन्हात घातले. ती अनवाणी त्या कोपऱ्यात बसून दाणा दाणा वेचत होती. फार गुणी पोर आहे.

आत्याबाईंना ऊब लागताच खोकला कमी झाला. माझा हिशेब बरोबर निघाला म्हणायचा.

पौष वद्य ४

रतन सकाळपासून लंगडते आहे. जांघेत सुपारीएवढे आले आहे, हात लावू देत नाही. परवा परसात तिला बाभळीचा काटा लागला होता, त्याचे अवधाण आले असणार. पायाला काही लागले की जांघेत येतेच. हळद आणि तुरटीचा लेप घातला.

आत्याबाई लेप बघून काही बोलल्या नाहीत. उठून देवापुढे जाऊन बसल्या. मला त्यांचा राग आला. म्हाताऱ्या माणसांना चांगले सुचतच नाही. मी मुद्दाम मोठ्याने म्हटले, “टोचलेली आहे ती.”

पौष वद्य ५

ताप चढला. डोळे लाल झाले आहेत. अवधाणाने ताप येतोच. ह्यांनी डॉक्टरांना आणतो म्हटले, मी थांबवले. डॉक्टर आले की आळीभर बोभाटा, दारावर खूण, पुन्हा बाहेर. नसत्या गोष्टीसाठी कशाला. संध्याकाळी ती मला ओळखेना. “बयामावशीकडं जायचंय, गवतात,” असे म्हणत राहिली.

हे न सांगताच डॉक्टरांना आणायला गेले.

पौष वद्य ६

डॉक्टरांनी एकदाच हात लावला आणि मागे सरले. “केव्हापासून?”

“परवापासून. पण अवधाण आहे ते. काटा लागला होता.”

“बाई, ही गाठ आहे.”

“असे कसे होईल? तुम्हीच म्हणालात एकालाही नाही.”

“मी माळावरचं सांगितलं होतं. हे घर पेठेतलं आहे.”

“टोचणी तीच, मुलगी तीच. माळावर एक आणि घरात एक असे औषध असते का?”

ते बाहेर जाऊन ह्यांच्याशी बोलले. मग दोघे आत आले. दवाखान्याच्या छपरात नेली तर दहांत चार उठतात, घरी ठेवलेल्यांत तीन, असे डॉक्टर म्हणाले. तिथे आईला आत राहू देत नाहीत.

हे म्हणाले, “नेऊ या. एक तर एक जास्त.”

मी म्हटले, “दहांत एकासाठी पोर परक्या हातात टाकू? चारचीही खात्री नाही, तीनचीही नाही. मग माझ्या मांडीवर तरी राहू दे.”

 

पौष वद्य ८

रतन गेली. दिवस वर आला होता. तिने पाणी मागितले, मी चमचा भरेपर्यंत मान कलली.

पौष वद्य १२, संक्रांत

पुन्हा माळावर आहोत. घराला खूण केली, वरची कौले काढून ऊन आत सोडले आहे. तांदूळ जाळले. 

झोपडी तीच. वाणाची सुगडी शेजारच्या बायका इकडे न आणता पलीकडून नेतात.

आत्याबाईंनी इतके दिवस तोंड उघडले नव्हते. आज चुलीपाशी बसून एवढेच म्हणाल्या, “देवानं डावी दिली हुती. त्वा उजवी केलीस.” शिवी दिली असती तरी चालले असते.

मी दिवसभर तेच घोळवते आहे. आत्याबाईंना टोचले नाही, पेठेतल्या त्याच घरात झोपल्या, त्याच तांदळाचा भात खाल्ला, त्या धडधाकट आहेत. मला टोचले नाही, मी धडधाकट. जिला टोचले ती गेली. मी मॅट्रिकला गणितात पहिल्या वर्गात होते. ह्याहून उघड हिशेब कोणता?

ह्यांना सांगितले. हे म्हणाले, “मी टोचलेला नाही का? मी आहे.” पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. तसेच उठून कामावर गेले. हल्ली ते जेवायलाही घरी येत नाहीत.

पौष अमावास्या

डॉक्टर समाचाराला आले होते. बाहेरच उभे राहिले, त्यांना बसायला घोंगडी टाकली तरी बसले नाहीत.

म्हणाले, “पेठेत टोचलेल्यांतही शंभरात दोघांना येते, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमची मुलगी त्या दोघांत गेली. माझ्या सांगण्यात कमी पडलं असेल तर…”

“त्या दोघांत,” मी म्हटले. “मग बाकीच्या अठ्ठ्याण्णव मुली कुठे आहेत त्या मला दाखवा. त्यांतली एक तरी माझ्या घरात दिसते का बघा.”

 तरुण आहेत, डोळ्यांत पाणी आले त्यांच्या. मला त्यांची दया आली नाही. खोटे बोलले ते. पहिल्यांदा बोलले ते खोटे नव्हते, दुसऱ्यांदाचे होते. देवाला ते आधीच ठाऊक होते म्हणून त्याने डावी पाडली, आणि मी देवाला हिशेब शिकवायला गेले.

ह्याला प्रायश्चित्त असेलच काही.

माघ शुद्ध ३

काल कळले की डॉक्टर आज बाभळीखाली बसणार. बयाबाई मुलांना घेऊन जाणार होत्या. काल संध्याकाळी दोघांना न्हाऊ घालत होत्या, धाकटा रडत होता. त्यांनी मला विचारलेही नाही. माझ्याकडे पाठ करून त्याचे डोके चोळत राहिल्या. माझ्यासमोर लाज वाटली असेल.

सकाळी मी स्नान, पूजा उरकून निघाले. बाभळीखाली वीस-पंचवीस माणसे ओळीत होती, बायका जास्त. बयाबाई मध्ये कुठे तरी, दोन्ही मुलगे दोन्ही बाजूंना. मी जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

“बयाबाई, माझी कशी गेली ते तुम्ही बघितलेत.”

“व्हय, वैनी. पर डागदर म्हनत्यात, हितं माळावर टोचलं की कुनालाच…”

“मलाही तेच सांगितले होते. ह्याच झाडाखाली. ह्याच शब्दांत.”

डॉक्टर उठले. “बाई, कृपा करा. ही मुलं माळावरच राहणार आहेत. ह्यांच्या बाबतीत ते खरं आहे.”

“माझ्या बाबतीतही तुम्हाला खरेच वाटत होते,” मी म्हटले.

 मग ओळीतली एक म्हातारी, मला तिचे नावही ठाऊक नाही, म्हणाली, “ती शिकल्याली बाई हाय. तिची पोर गेलीया. ती का उगा सांगंल?” आणि पदर सावरून बाजूला झाली. तिच्यामागून दुसरी झाली.

बयाबाई माझ्याकडे बघत होत्या. आमच्या लग्नानंतरची बारा वर्षे त्या माझ्याकडे असेच बघत आल्या, पत्र वाचून घ्यायला, तारखा विचारायला. म्हणाल्या, “तुमी म्हनाल तसं, वैनी. तुमाला समजतंय.”

मी धाकट्याचा हात धरला, त्यांनी थोरल्याचा. झोपड्यांकडे परत येईपर्यंत मागे आणखी सात-आठ जणी निघाल्या होत्या. डॉक्टर हाका मारत होते, मग त्यांच्या पेटीचे झाकण पडल्याचा आवाज आला.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले असावे. रतन गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बयाबाईंच्या मुलांना मी माझ्या हाताने गूळ-पोळी वाढली. दोघांनी पोटभर खाल्ली. आज जप करताना मन कुठे गेले नाही.